मागच्या अंगणातली चूल

मिरजेला माणसं येतात ती गाडी बदलायला, नाहीतर दुखणं दाखवायला. सतारी-तंबोरे करणाऱ्यांचं हे गाव, मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेब जिथं राहिले ते गाव. पण जत, सांगोला, मंगळवेढा, अथणी, रायबाग, जमखंडी या बाजूच्या माणसाला विचाराल तर मिरज म्हणजे दवाखाना. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं आणि पुढं हळूहळू गावभर दवाखाने झाले. मराठी आणि कानडी बोलणारी खेड्यांतली माणसं तेव्हापासून इथल्या स्टेशनवर उतरत आली आहेत, बोचकी सांभाळत, एकाला दोघांनी धरून.

मी नर्स. माझी नोकरी सगळी मिशन हॉस्पिटलांत झाली, त्यातली बहुतेक मिरजेत. माहेर नेवासे तालुक्यातलं. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१पासूनचं. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आला तो पणजोबांच्या वेळी. ते गावकुसाबाहेरचे. गावच्या विहिरीत पोहरा सोडायची त्यांना मुभा नव्हती. कुणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचं, नाहीतर कुणी येईपर्यंत उन्हात थांबायचं. मिशनच्या आवारातल्या विहिरीवर मात्र कुणीही दोर सोडावा. पणजोबांना शास्त्रातलं किती समजलं होतं कोण जाणे, पण ती विहीर त्यांना नीट समजली होती, असं वडील सांगायचे. मी पुढं जे काही केलं त्याच्या मुळाशी हे पाणी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण मुलं विचारतात, "सिस्टर, इतकी वर्षं रोग्यांत काढलीत, तुम्ही सुवार्ता कशी सांगत होतात?" त्यांना वाटतं मी एखादी पद्धत सांगेन. पद्धत नव्हती. शिस्ती होत्या, काही माझ्या वडीलधाऱ्यांनी लावलेल्या, काही अंगणात आलेल्या माणसांनी.

पहिली लावली आमच्या मेट्रननी. मी नवी होते, उत्साह भरपूर होता. सकाळी वॉर्डात एक गीत आणि छोटी प्रार्थना व्हायची, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर टेबलाशी उभे राहून प्रार्थना करायचे. हे सगळं उघड होतं आणि येणाऱ्यांना ठाऊक होतं. पण एकेकट्या पेशंटच्या उशाशी बसून धर्म समजावायला मेट्रनची सक्त मनाई होती. त्या म्हणायच्या, "त्याच्या नाकात नळी आहे, हाताला सलाईन आहे आणि तुझ्या हातात त्याचं इंजेक्शन आहे. तू काय म्हणशील त्याला तो हो म्हणेल. त्या होकारात भीती किती आणि मन किती, हे तुला कळणार नाही." मग चादर वर करून पेशंटच्या पाठीखाली हात घालून बघायच्या. पाठ लाल दिसली, कूस वेळेवर बदललेली नसली, तर त्या दिवशी आमची धडगत नसे. जो माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही त्याची पाठ शाबूत ठेवणं हीच तुझी साक्ष, असं त्यांचं म्हणणं. प्रार्थनेत त्या फार बोलत नसत. पण रात्रपाळीला त्यांचे बूट व्हरांड्यात वाजले की कण्हणारी माणसं गप्प होत, मी स्वतः ऐकलंय.

त्यावरून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. ज्याला उठून जाता येत नाही त्याला उपदेश करू नये. त्याला पाणी द्यावं, त्याचं भांडं स्वच्छ करावं, औषध वेळेवर द्यावं. बोलायचं ते, जो उठून जाऊ शकतो आणि तरीही बसून राहतो, त्याच्याशी.

अशी माणसं मला वॉर्डात भेटली नाहीत. ती घरी भेटली.

पेशंटला खाट मिळते, सोबतच्या माणसांना नाही. ती झाडाखाली, कट्ट्यावर, भिंतीच्या कडेनं राहायची. बरोबर कडक भाकऱ्यांची चवड, शेंगदाण्याची चटणी, एखादी घोंगडी. तीन दिवसांचं म्हणून आणलेलं सामान आणि मुक्काम तीन आठवड्यांचा. अंघोळीची पंचाईत, बायकांची जास्त. धुतलेलं लुगडं वाळत घालायला जागा नाही. आमचं क्वार्टर हॉस्पिटलच्या मागल्या बाजूला होतं. मागं लहानसं अंगण, एक नळ, कडुनिंब. माझे यजमान लॅबमध्ये होते. एका थंडीत जत भागातली एक बाई दाराशी आली. "अक्का, जरा ऊन पाणी मिळंल का? लेकीला पायजे, बाळंतीण हाय." पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी यजमानांनी अंगणात तीन दगड मांडले, वर पत्र्याचा डबा ठेवला आणि म्हणाले, "तिनं रोज मागायला नको. आली की तापवून घेईल."

एवढ्यावर सगळं सुरू झालं. त्यामागं काही योजना नव्हती.

त्या बाईला मी जेवायला बसा म्हटलं. ती ओशाळली आणि म्हणाली, "आमच्यात चालत न्हाई." कुठल्या अर्थानं चालत नाही हे मला सांगायची गरज नव्हती. विहिरीची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलीच्या जिवाला ते लागणारच, आणि लागलं. पण यजमान शांत होते. ते म्हणाले, "शिधा दे." आपल्याकडे ही फार जुनी सोय आहे: ज्याला आपल्या हातचं चालत नाही त्याला कोरडं द्यावं, त्यानं आपल्या हातानं शिजवून खावं. मी ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तेल, मीठ-मिरची आणि कांदे एका सुपात घातले. वरून घासलेलं रिकामं पातेलं दिलं. तिनं ते पुन्हा घासून घेतलं. मी बघत होते, काही बोलले नाही. तिनं भाकऱ्या थापल्या, आमटी केली, वॉर्डात नेली.

मला तेव्हा असं वाटलं, आणि आजही वाटतं, की पाहुण्याला नको म्हणायची मुभा नसेल तर ते आदरातिथ्य नव्हेच. माझ्या पणजोबांना कुणी नको म्हणायची संधीच दिली नव्हती. त्यांनी फक्त मिळेल ते घ्यायचं. मी ही बाई माझं नाकारू शकेल एवढी जागा तिला देऊ शकत होते. ही सत्ता मला पणजोबांच्या विहिरीनं दिली होती.

काही दिवसांनी तिनंच चहा मागितला. आमच्याच कपात प्यायली. त्यावर ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. मग एका संध्याकाळी चूल विझवता विझवता तिनं विचारलं, "अक्का, तुमच्या देवाला काय लागतं? नारळ का कोंबडं?"

मी म्हटलं, "काही लागत नाही. त्यानंच आधी सगळं दिलंय."

ती बराच वेळ गप्प राहिली. "मग फेडायचं कसं?"

"फेडायचं नसतं."

"आसं कसं आसंल?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडी नाराजीच होती. नवस बोलायचा, काम झालं की फेडायचा, हा व्यवहार तिला स्वच्छ वाटत होता. फुकट मिळालेल्याचं ओझं होतं. मी तिला वधस्तंभाचं काय समजावणार? मी एवढंच सांगितलं की मला स्वतःला ते समजायला बरीच वर्षं लागली आणि अजून पूर्ण समजलंय असं नाही. हे खरंच होतं. घरी जायच्या दिवशी तिनं आमचं सगळं अंगण झाडलं, चुलीच्या दगडांना मातीचा हात दिला. पुढच्या सुगीला जावयाच्या हाती मटकीचं गाठोडं पाठवलं. ते मी परत केलं नाही. तिला फेडू द्यायलाच हवं होतं. माझ्याकडून घेणाऱ्या माणसाचं ताठ उभं राहणं मला माझ्या कृपेच्या व्याख्येपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

त्यानंतर चूल कधी फारशी विझली नाही. एकाचं नाव सांगून दुसरा यायचा. कुणाला चिठ्ठी वाचून हवी असायची, कुणाला रक्तपेढीत कुठं उभं राहायचं ते कळत नसायचं, कुणाला गावाकडं निरोप द्यायचा असायचा. कानडी मला येत नव्हतं. ते मी या माणसांकडून शिकले, आधी दुखण्याचे शब्द, मग स्वयंपाकाचे. पगार बेताचा होता, मुलं लहान होती, म्हणून आम्ही काही बांध घालून घेतले. रात्री नऊनंतर दार बंद. पैसे उसने द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधावर अंगणात आपलं मत द्यायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम हा की प्रार्थना केल्यानं तुमचं माणूस बरं होईल असं कुणालाही, कधीही, कितीही मोह झाला तरी म्हणायचं नाही. असं म्हणणारे भेटतात. मला त्यांचा राग येतो. माणूस गेला की ते तिथं नसतात, आणि त्या घराला वाटत राहतं की आपलाच विश्वास कमी पडला.

एका बापाचं पोरगं मेंदूज्वरानं गेलं. आदल्या रात्री त्यानं मला प्रार्थना करायला सांगितली होती, मी केली होती. पोर पहाटे गेलं. मी त्याच्याशी देवाबद्दल एक अक्षर बोलले नाही. यजमानांनी गाडी ठरवली, मी मुलाला आंघोळ घातली, आमच्या धाकट्याचा धुतलेला सदरा त्याला घातला. तो बाप गाडीत बसताना म्हणाला, "तुमचा देव बी रडला आसंल." लाजाराच्या थडग्याशी येशू रडला असं शुभवर्तमानात आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लोकांच्या मनात शंका असते, आणि त्यांनी ती मनात ठेवण्यापेक्षा विचारलेली बरी. सांगोल्याकडचे एक निवृत्त गुरुजी होते. गळ्यात तुळशीची माळ, पत्नीचं खुब्याचं हाड मोडलेलं. आठवडाभर ते अंगणात आले, शिधा घेतला, स्वतःची खिचडी केली, कांदा परत ठेवला. मग एके दिवशी चष्मा पुसत सरळ म्हणाले, "बाई, एक विचारतो, राग मानू नका. हे सगळं कशासाठी चाललंय? आम्हाला धर्मात ओढायचंय का?"

राग आला नाही. उलट मोकळं वाटलं. मी म्हटलं, "गुरुजी, ओढायचं नाही. तुम्ही उद्या इथून गेलात आणि कधीच काही विचारलं नाहीत तरी तुमचा शिधा तेवढाच राहील. पण मी लपवतही नाही. मी ज्या येशूला मानते त्याची ओळख तुम्हाला झाली तर मला आनंदच होईल. दोन्ही खरं आहे."

त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलेलं होतं. ते म्हणाले, घटनेच्या २५व्या कलमानं तुम्हाला धर्म सांगायचा हक्क आहे आणि मला न ऐकायचा. मी म्हटलं, मग आपलं जमलं. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी कडुनिंबाखाली हरिपाठ म्हणायला लागले. आमची मुलं त्यांच्याभोवती बसायची. त्यांनी आमचं भजन ऐकायला मागितलं तेव्हा यजमानांनी पेटी काढली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं म्हटली. गुरुजी टाळ्यांनी ठेका धरत म्हणाले, "हे तर आपल्याच वळणाचं आहे." मी त्यांना टिळकांची 'अभंगांजली' दिली. त्यांनी ती वाचली, समासात पेन्सिलीनं खुणा केल्या, कुठं पटलं नाही तेही लिहिलं आणि पुस्तक परत केलं. ते शेवटपर्यंत वारकरीच राहिले. दर कार्तिकीला पंढरपुराहून आमच्यासाठी चुरमुरे-बत्तासे पाठवायचे. ते गेले तेव्हा दहाव्याला आम्ही दोघं गेलो होतो.

मंडळीत मला एकदा कुणी म्हणालं, इतकी मेहनत घेतली आणि शेवटी काय? मला हा प्रश्न समजत नाही. गुरुजींसाठी मी रोज प्रार्थना केली, त्यांना प्रभूची ओळख व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, ते आजही सांगते. पण त्यांच्या खिचडीचे तांदूळ मी कशाच्या बदल्यात दिले नव्हते, मग वाया काय गेलं? आमच्याच लोकांचा हा ताण मला बाहेरच्या संशयापेक्षा जास्त जाणवला. बाहेरचा म्हणतो, जेवू घालून बाटवता. आतला म्हणतो, नुसतंच जेवू घालता, वचन कधी सांगणार? दोघांनाही जेवण हे कशाचं तरी साधन वाटतं. मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं वर्णन आहे. भुकेल्याला अन्न दिलेली, आजाऱ्याला भेटलेली माणसं तिथं चकित होऊन विचारतात की प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं. मला त्या माणसांचं ते न माहीत असणं फार आवडतं.

तरीही विचारणाऱ्याला उत्तर दिलंच पाहिजे. विचारल्यावर गुळमुळीत बोलणं, सगळे देव सारखेच म्हणून विषय टाळणं, हाही त्या माणसाचा अपमान आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेचं कारण विचारणाऱ्याला सौम्यतेनं सांगायची सूचना आहे. तिथं आधी कुणीतरी विचारलंय, हे वाचताना सुटून जातं.

विचारणाऱ्यांपैकी एक मुलगा क्षयाचा होता, मंगळवेढ्याकडचा, शेतकरी घरातला. वॉन्लेसवाडीला क्षयाच्या रोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. त्या आजारात मुक्काम महिनोन्महिने. बरं वाटायला लागल्यावर तो आमच्याकडे यायचा, यजमानांची पुस्तकं चाळायचा. शुभवर्तमान त्यानं आपणहून मागून घेतलं. मग एके दिवशी म्हणाला, मला तुमच्यात यायचंय. वय कोवळं, घरापासून लांब, आजारानं हललेला. मी त्याला म्हटलं, आधी हे वाच, आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हातात दिली.

का दिली ते सांगते. नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एक परदेशी सहप्रवासी भेटला. तो त्यांच्याशी नीट, आदरानं बोलला, त्यानं त्यांना नवा करार दिला, आणि गाडीतून उतरून गेला. नावही मागं राहिलं नाही. पुढं १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही बाजू आमच्या मंडळ्यांतून नेहमी सांगितली जाते. पण त्या दिवशी घरी काय झालं, लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली, नवऱ्यापासून वेगळं राहण्याचे दिवस, मग एकत्र आल्यावरही आपलं सोवळं सांभाळत वेगळा स्वयंपाक करणं, आणि स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वेळी १९०० साली त्यांनी घेतलेला निर्णय, हे 'स्मृतिचित्रे'त आहे. एकाच्या विश्वासाची किंमत घरातलं दुसरं माणूस कशी मोजतं, हे त्या मुलानं आधी वाचायला हवं होतं. प्रभूच्या नावानं मी एका आईला तिच्या मुलाच्या नकळत, किंवा मुलाला आईच्या नकळत, कुठं नेणार नव्हते.

त्यानं पुस्तक दोनदा वाचलं. घरी गेला. आईशी बोलला, भांडण झालं, काही वर्षं गेली. शेतात राबला, लग्न झालं. मग बायकोला सगळं सांगून, आईला सांगून, त्यानं सोलापुरात बाप्तिस्मा घेतला. मला पत्रानं कळवलं. मी उत्तरात अभिनंदनाच्या आधी लिहिलं की आईच्या हातचं जेवण सोडू नकोस आणि घरच्या वाटणीत काही मागू नकोस. आई खूप दिवस माझ्यावर रागावलेली होती. तिचं चुकत नव्हतं. ती एकदा स्वतःच डोळ्यांच्या ऑपरेशनला मिरजेत आली, आमच्याकडे राहिली, चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी माझ्या हातून भाजी हिसकून घेऊन निवडायला बसली. "पोरगं दारू न्हाई पीत, एवढं बरं झालं," इतकंच म्हणाली. तिचा देव्हारा तिच्याच घरात आहे आणि मुलगा आषाढीला तिला पंढरपूरच्या गाडीत बसवून देतो.

आतापर्यंत मी देण्याबद्दल बोलले. पण मला जास्त शिकवलं ते घेण्यानं.

योहानाच्या शुभवर्तमानात सुखार गावच्या विहिरीशी येशू एका शोमरोनी बाईला पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. तो तिला शिकवायला सुरुवात करत नाही. तो दमलाय, त्याला तहान लागलीय, आणि तो तिच्याकडे मागतो. आमच्या घराण्याला ही गोष्ट वेगळी ऐकू येते. वरच्यानं खालच्याकडे पाणी मागणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला आम्हाला टीकाग्रंथ लागत नाही. नुसतं देत राहणारा माणूस नकळत वर बसतो. मागणारा समोरच्याला आपल्या शेजारी बसवतो.

आमच्या क्वार्टरच्या पलीकडच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे कोरणारं एक मुस्लिम घर होतं. नाताळात मी त्यांच्याकडे करंज्या-चकल्यांचं ताट पाठवायची. ताट रिकामं परत येत नसे, निदान साखर तरी घालून यायचं. ईदला शीरखुर्मा यायचा. हे सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. मग यजमानांचं मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं. ज्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रक्ताचे नमुने तपासले ते स्वतः डायलिसिसच्या खुर्चीत बसले. मला ड्युटी, घर आणि ते, तिन्ही जमेना. त्या घरच्या भाभी डबा घेऊन यायला लागल्या. मिठाशिवायचं कसं शिजवायचं हे त्यांनी डायेटिशियनकडून स्वतः विचारून घेतलं होतं. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "सिस्टर, आपको सिर्फ देना आता है क्या?"

मी डबा घेतला. पुढं रोज घेतला. यजमान जाईपर्यंत.

त्या काळात त्या घराशी माझं जे बोलणं झालं ते आधीच्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं. मरणाबद्दल, पुनरुत्थानाबद्दल, त्यांच्या नमाजाबद्दल. भाभींनी विचारलं, तुम्हाला खरंच वाटतं का भाईजान पुन्हा भेटतील? मी हो म्हटलं आणि का वाटतं ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्येच आपलं सांगत होत्या. माझ्याजवळ तेव्हा द्यायला काही नव्हतं, चूलसुद्धा थंड होती. मला वाटतं म्हणूनच माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं.

२००९ च्या सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली. दुकानं बंद, एसटी बंद. हॉस्पिटलच्या आवारात अडकलेल्या माणसांकडे पीठ नाही, दूध नाही. अंगणात त्या दिवसांत एका चुलीच्या चार चुली झाल्या. संचारबंदी शिथिल झाली तेव्हा भाभींच्या मुलानं गोणीभर तांदूळ आणून टाकला, समोरच्या ब्राह्मण डॉक्टरीणबाईंनी दूध पाठवलं, आमच्या मंडळीतल्या बायकांनी भाकऱ्या थापल्या. जेवायला हिंदूही होते, मुसलमानही, आणि बाहेर काय चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी माणसं अंतर राखून बसली. वाढपी कमी पडायला लागले तेव्हा मी म्हटलं, ज्याचं जेवण झालं त्यानं वाढायला उठा. मग कुणी कुणाला वाढलं ते बघायला कुणाला सवड राहिली नाही. प्रार्थना आम्ही जेवणाआधी मोठ्यानं केली नाही. मनात केली. भीतीच्या दिवसांत आणि बाहेर पोलिसांची गाडी असताना, भुकेल्या माणसाला आधी आमची प्रार्थना ऐकायला लावणं मला योग्य वाटलं नाही. आमच्यातल्या काहींना ते पटलं नाही. मी आजही तेच करेन.

आता क्वार्टर सुटलं. हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर आमचं छोटं घर आहे. दगडाची चूल गेली, गॅसची एक जादा शेगडी पडवीत आहे. लोकांच्या गरजा बदलल्या. गरम पाणी लॉजवर मिळतं, निरोप मोबाइलवर जातात. आता माणसं मोबाइल चार्ज करायला येतात आणि कागद घेऊन येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा अर्ज, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, गावच्या तलाठ्याचा दाखला राहिलाय. सून बँकेत होती, तिला कागद कळतात. ती सोबत जाते, खिडकीशी उभी राहते. परवा मंडळीत एकजण तिला म्हणाला की हे तर एजंटचं काम झालं. ती म्हणाली, एजंट पैसे घेतो. तिला उत्तर देता येतं, मला हे बघून बरं वाटतं. येणाऱ्यांना ती चहा देते, भिंतीवरचा क्रूस दिसतोच, कुणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर कागद बघते.

सध्या जमखंडीकडचं एक जोडपं येतंय. मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. बाई शिजवलेलं घेते, नवरा घेत नाही, तो केळी आणि दूध खातो. त्याच्यासाठी सून वेगळं पातेलं ठेवते. त्यांनी अजून आम्हाला काही विचारलेलं नाही. उद्या सकाळी बी निगेटिव्ह रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय करायची आहे. नातू सांगलीला जाणार आहे, आणि भाभींच्या मुलाचाही तोच गट निघालाय, त्याला सातला बोलावलंय.